पाठ : माशांच्या खाद्यात समुद्री शेवाळ



आपल्या पालघर, बोईसर-तारापूर भागातल्या मुलांना मासे कसे पकडतात हे सांगावं लागत नाही. पण तळ्यात वाढवलेले मासे खातात काय, हे विचारून बघा. बहुतेक मुलं गप्प बसतात. आजचा पाठ त्यावरच आहे.

मत्स्यशेतीत खाद्यावरचा खर्च सगळ्यात मोठा, बऱ्याचदा एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त. रोहू, कटला यांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा चालतो. कोळंबी आणि जिताड्याच्या खाद्यात मात्र फिशमील लागतं. फिशमील म्हणजे लहान मासळी शिजवून, वाळवून केलेली भुकटी. म्हणजे मासे वाढवायला पुन्हा समुद्रातलेच मासे! म्हणून फिशमीलचा काही भाग वाचवणारे पदार्थ शोधले जातात. त्यातलाच एक म्हणजे समुद्री शेवाळ.

शेवाळात खनिजं असतात, थोडी प्रथिनंही असतात. त्यातला चिकट पदार्थ खाद्याच्या गोळ्या पाण्यात लवकर विरघळू देत नाही. पण फिशमीलमध्ये साधारण ६० ते ७० टक्के प्रथिनं असतात, तेवढी बहुतेक शेवाळांत नसतात. शिवाय शेवाळातले तंतू माशांना पचायला जड. म्हणून ते थोडंच, साधारण ५ ते १० टक्के मिसळतात. ते पूरक आहे, फिशमीलची पूर्ण जागा घेत नाही.

वर्गात करून पाहा : किराणा दुकानातला चायना ग्रास लाल शेवाळापासूनच बनतो. तो पाण्यात उकळून त्यात कोंडा व पीठ मळा आणि गोळ्या वाळवा. दुसऱ्या गोळ्या नुसत्या पाण्यात मळून करा. दोन्ही ग्लासात टाका. कोणत्या आधी फुटतात? मुलांनी वेळ वहीत लिहावी.

गणित : १० किलो खाद्यात ५ टक्के शेवाळ, म्हणजे ५०० ग्रॅम कोरडं शेवाळ. ओल्या शेवाळात ९० टक्के पाणी धरलं, तर ओलं किती आणावं लागेल? (उत्तर : ५ किलो)

आता एखादं मूल हमखास विचारणार, "सर, मग आपल्या नवापूरच्या खडकावरचं आणू का?" हा प्रश्न टाळू नका. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या बाजूला समुद्रात सोडलं जातं. त्या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमार बांधव राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. शेवाळ पाण्यातली खनिजं शोषतं, तसेच शिसं, कॅडमियमसारखे जड धातूही शोषतं. धुऊन, वाळवून ते जात नाहीत. शेवाळातून माशात आणि माशातून आपल्या ताटात, अशी ती साखळी आहे. म्हणून तपासणी केल्याशिवाय असं शेवाळ खाद्यात घालायचं नाही. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर तराफ्यांवर शेवाळाची शेती करतात. पण शेती असली तरी आधी पाणी स्वच्छ हवं.

पालकहो, घरी मुलांना एवढंच विचारा : समुद्र घाण झाला, तर कोणाकोणाचं ताट बिघडतं? उत्तरांची यादी मुलांनाच करू द्या. ती आपल्याला वाटते त्यापेक्षा लांब होते.