साखर रक्तात, कारण वस्तीतही

दवाखान्यात गेलो की डॉक्टर सांगतात, "रोज अर्धा तास चाला, भाजी खा, तेलकट टाळा, पुरेशी झोप घ्या." सल्ला बरोबरच आहे. पण घरी परतल्यावर प्रश्न पडतो : चालायचे कुठे? गल्ली दोन हात रुंद, मध्ये उघडे गटार, संध्याकाळी दिवा नाही. कोपऱ्यावर भजी आणि फरसाण हाताशी, ताजी भाजी मात्र लांबच्या बाजारात. उन्हाळ्यात पत्रा रात्रीही तापलेला. मग साखर वाढली की आपण स्वतःलाच दोष देतो.

आजार कसा जडतो?

खाल्लेल्या अन्नाचे शक्तीत रूपांतर होते, त्याला चयापचय म्हणतात. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. हालचाल थांबली की ती रक्तातच साठते. झोपमोड आणि सततचा ताण यांमुळेही साखर आणि रक्तदाब वाढतो. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात, म्हणून हा परिणाम जास्त जाणवतो. सार्वजनिक शौचालय लांब असेल तर आपल्या आया-बहिणी पाणीच कमी पितात. मधुमेहात लघवी वारंवार लागते, त्यामुळे त्यांचे हाल दुप्पट होतात.

अमेरिकेतील एक प्रयोग

1994 ते 1998 या काळात अमेरिकेतील 5 शहरांत, अतिगरीब वस्त्यांतील सरकारी घरांत राहणाऱ्या कुटुंबांची सोडत काढली गेली. त्यांत बहुतेक कुटुंबे कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाची होती. काहींना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी भाड्याची मदत देऊ केली, काहींना नाही. 10 ते 15 वर्षांनी त्या घरांतील स्त्रियांची तपासणी झाली. मदत मिळालेल्या गटात मधुमेह आणि अतिलठ्ठपणा असलेल्या स्त्रियांचे प्रमाण शंभरामागे सुमारे 4 ने कमी होते. त्यांना औषध दिले नव्हते की पथ्यही सांगितले नव्हते. फक्त राहण्याची जागा बदलण्याची संधी दिली होती.

आपल्याला वस्ती सोडून जाता येत नाही. पण वस्ती सुधारता येते. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हेच तथागतांनी शिकवले.

आपण काय करू शकतो?

*तपासणी :* तिशीनंतर वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासावा. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारावे. उपाशीपोटी साखर 100 किंवा जास्त, रक्तदाब 130/85 किंवा जास्त, कंबर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे.

*घर :* ताटात भात थोडा कमी, डाळ, उसळ आणि पालेभाजी जास्त घ्यावी. जेवल्यावर लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे चालावे. चहातली साखर निम्मी करावी. गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर ते मनाने बंद करू नये आणि उपाशीपोटी लांब चालू नये.

*विहार :* तथागत आणि भिक्खू चंक्रमण करीत, म्हणजे संथ पावलांनी येरझारा घालीत. विहाराचे अंगण सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठांना चालण्यासाठी मोकळे ठेवावे. रविवारच्या वंदनेनंतर सर्वांनी मिळून अर्धा तास चालावे. पौर्णिमेच्या खीरदानासोबत मधुमेहींसाठी मोड आलेल्या मुगाची उसळ ठेवावी. जयंतीच्या रात्री डीजे वेळेत थांबवला तर म्हाताऱ्यांनाही झोप मिळेल.

*प्रभाग कार्यालय :* गल्लीतला दिवा, झाकलेले गटार, स्वच्छ शौचालय आणि भाजीवाल्याला बसायला जागा या आरोग्याच्याच मागण्या आहेत. महिला मंडळाने सह्यांचा लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा विचारावे.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शरीर साथ देत नसताना त्यांनी अखेरपर्यंत लिहिले. त्यांचा विचार पुढे न्यायचा तर आपले पाय, डोळे आणि मूत्रपिंडे शाबूत हवीत. येत्या रविवारी विहारात दोन गोष्टी करू या : ज्येष्ठांच्या तपासणीची यादी आणि दिव्याचा अर्ज.