त्वचेतील रक्त आणि प्रकाशाची साक्ष

बोटाचे नख क्षणभर दाबले की पांढरे पडते. दाब काढताच साधारणतः दोन सेकंदांत लाली परतते. त्वचेला रक्त पोचते की नाही, याची ही जुनी परीक्षा. हुबळीस १९५७ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खेड्यापाड्यांतून भाजलेले, मधुमेहाने पायास जखम झालेले रुग्ण येतात. अशा रुग्णाच्या त्वचेचा कोणता भाग वाचेल, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविणे तज्ज्ञांसही अवघड असते.

बहुवर्णपटीय छायाचित्रणात त्याच त्वचेची छायाचित्रे निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात घेतात. तांबडा प्रकाश प्राणवायू गमावलेले रक्त अधिक शोषते. डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात बहुधा याच्या उलट घडते. या तुलनेवरून रक्तातील प्राणवायू अजमावता येतो. बोटास लावण्याचा ऑक्सिमीटरही याच तत्त्वावर चालतो. रक्ताचा वेग मात्र यातून थेट कळत नाही.

सावळ्या कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषते, ही आपल्या दृष्टीने मोठीच अडचण. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची कमतरता ऑक्सिमीटरकडून गोऱ्या रुग्णांच्या मानाने जवळजवळ तिप्पट प्रमाणात निसटल्याचे आढळले. तेव्हा यंत्राचा आकडा चांगला असला, तरी मधुमेही माणसाचे पाऊल गार वा काळपट दिसू लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.