गाडीतील कुरकुर व तिचा माग

गतवर्षी नोव्हेंबर महिन्यात दर शनिवारी पहाटे ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावरून एक जुनी लहान मोटार मुंगीच्या पावलांनी जाताना दिसत असे. चालकाच्या शेजारी एक मुलगा पट्टा बांधून, डोळे मिटून, मांडीवर वही ठेवून बसलेला असे. पाहणाऱ्यांपैकी कित्येकांस वाटले असावे, की येथे कोणी मोटार हाकावयास शिकत आहे. वस्तुतः ती मोटार आमची, तो मुलगा आमच्याच दहावीच्या वर्गातला, आणि आमचा उद्योग गाडीतील कुरकुरीचा माग काढण्याचा होता. ह्या उद्योगात आम्हांस जे शिकावयास मिळाले ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

आमची मोटार बारा वर्षांची. तिचे इंजिन अद्याप निरोगी आहे. परंतु ती आतून तीन निरनिराळे स्वर काढू लागली होती. एक बारीक खुळखुळ; दुसरी मागच्या दारापाशी होणारी करकर; आणि तिसरा, डॅशबोर्डाच्या डाव्या अंगाने येणारा ‘कट्ट’ असा आवाज. “आपण दोघे बोलतो त्याहून ही गाडीच अधिक बोलते,” असे आमच्या मंडळींचे म्हणणे. नाताळच्या सुट्टीत वृद्ध मातोश्रींस घेऊन मुरबाडवरून, माळशेज घाटाने अहिल्यानगरास जावयाचे ठरले होते. एवढ्या प्रवासात ही कटकट नको, म्हणून आम्ही एका सायंकाळी जुन्या धोतराच्या चिंध्या व स्पंजाचे तुकडे घेऊन डॅशबोर्डाच्या जेवढ्या फटी हाती लागल्या तेवढ्या बुजवून टाकल्या. आवाज पुष्कळच दबला. दुसऱ्या दिवशी वर्गात हा पराक्रम आम्ही मोठ्या हौसेने सांगितला, आणि तेथेच फजितीस आरंभ झाला. “पण सर, आवाज नेमका कशाचा होता?” असे एका विद्यार्थ्याने विचारले. आम्हांस उत्तर देता येईना. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यास ही गोष्ट लाजिरवाणी खरीच. तेव्हा चिंध्या काढून टाकून प्रथमपासून प्रारंभ करावा असे ठरले, आणि प्रश्न विचारणारालाच आम्ही मदतीस घेतले.

आवाजाचे मूळ शोधावयाचे तर आधी त्याची जात ओळखली पाहिजे. खडखड व कुरकुर ह्या एक नव्हेत. खडखडीत दोन वस्तूंच्या मध्ये मोकळी जागा असते आणि गाडी हादरली की त्या एकमेकींवर आपटतात. कुरकुरीत दोन पृष्ठभाग एकमेकांस घट्ट टेकलेले असतात. ताण आला तरी घर्षणामुळे ते क्षणभर एकमेकांस धरून राहतात. ताण असह्य झाला की एकदम घसरतात. पुन्हा धरतात, पुन्हा घसरतात. हे धरणे आणि घसरणे एका सेकंदात शेकडो वेळा घडले म्हणजे कानास कुरकुर ऐकू येते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच घडते. हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात गजाखालील तारेच्या ह्या चालीचा मोठा सुंदर अभ्यास केला आहे. झोपाळ्याची कडी, बैलगाडीचा कोरडा आस, रात्री वाऱ्याने हलणारे दार, ही सर्व ह्याच कुळातली. म्हणजे सारंगी व दाराची बिजागरी ही सख्खी भावंडे. एकीस शिकवणी मिळाली, दुसरीस मिळाली नाही, इतकेच!

हा भेद केवळ पुस्तकी नाही. खडखडीवर उपाय म्हणजे सैल वस्तू आवळणे किंवा मधली जागा मऊ वस्तूने भरणे. कुरकुरीत मुळी जागाच नसते; तेथे चिंधी कोंबून दाब वाढवला तर आवाज उलट चढतो. तेथे दोन पृष्ठभाग सहज सरकतील असे करावे, नाहीतर त्यांना वेगळे करावे.

उष्णतेचाही ह्यात मोठा हात असतो. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी ३० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. त्याच लांबीचे डॅशबोर्डाचे प्लास्टिक त्याच्या पाच-दहा पट वाढू शकते. दोघे एकमेकांस जखडलेले. एक फुगू पाहतो, दुसरा त्याला आवरतो. म्हणून पहाटे जी गाडी कुरकुरते ती दुपारी उन्हात उभी राहिल्यावर कधी गप्प होते, तर कधी नवीनच सूर धरते. आवाज केव्हा झाला, हवा गार होती की तप्त, हे वहीत लिहून ठेवण्याचे कारण हेच होय.

कोणी म्हणेल, जुन्या गाड्यांत एवढी कुरकुर नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी पद्मिनी ज्यांनी चालवली आहे त्यांस विचारावे! त्या गाडीत इंजिनाचाच घोष एवढा असे, की बारीकसारीक आवाज त्याच्याखाली झाकले जात. मोठा आवाज लहानास लपवतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाचा आवाजच नसतो, आणि म्हणून त्यांत एखादा सैल स्क्रूही कानास खुपतो.

आता कानाविषयी. ध्वनी कोठून आला हे आपण दोन कानांमुळे ओळखतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानास किंचित आधी व किंचित मोठा पोहोचतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, तरी मेंदू ते हेरतो. लॉर्ड रॅले ह्यांनी १९०७ साली ह्याचे विवेचन केले. परंतु ही युक्ती मोकळ्या मैदानात जशी चालते तशी मोटारीच्या बंद पेटीत चालत नाही. तेथे आवाज काचांवर व छतावर आपटून परत येतो. शिवाय पोलादी सांगाड्यातून तो दूरवर प्रवास करतो आणि भलत्याच ठिकाणी प्रगट होतो. आम्ही डॅशबोर्डास दोषी ठरवले ते कानाच्या साक्षीवर, आणि साक्षीदार फितूर होता.

आमची पद्धत अशी. पहिल्या शनिवारी गाडी पूर्ण रिकामी केली. डिकीतील जॅक, पाना, छत्री, दारांच्या खणांतील बाटल्या, आसनांखाली गेलेली नाणी, सर्व घरी. मग फेरी मारली, तो खुळखुळ नाहीशी! एकेक वस्तू परत ठेवीत गेलो तेव्हा गुन्हेगार सापडला. डॅशबोर्डाच्या खणात आमचाच पत्र्याचा डबा होता व त्यात खडूचे तुकडे होते. शिक्षकाच्या गाडीत दुसरे काय वाजणार! मुलाने वहीत गंभीरपणे लिहिले: “आवाज पहिला. कारण: सर.”

एका वेळी एकच बदल करावयाचा, हा नियम आम्ही सोडला नाही. चालकाने केवळ रस्त्याकडे लक्ष द्यावे. ऐकण्याचे काम शेजाऱ्याचे. दुसऱ्या शनिवारी तो मुलगा मागच्या आसनावर बसला आणि गाडी गतिरोधकावरून हळू जात असता त्याने दाराच्या निरनिराळ्या भागांवर तळहात दाबून पाहिला. एका जागी दाबताच करकर थांबे, हात काढताच पुन्हा सुरू होई. दाराच्या चौकटीचे रबर धुळीने माखून कोरडे पडले होते. ते ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून, वाळवून, त्यास सिलिकॉनचे वंगण बारीक बोटाने लावले. खनिज तेल किंवा साधे ग्रीस येथे लावू नये. त्याने रबर फुगून खराब होण्याचा संभव असतो. आणखी एक सूचना पालकांसाठी. ज्या गाडीत हवेच्या सुरक्षा-पिशव्या आहेत तिच्या स्टिअरिंगची, डॅशबोर्डाची किंवा खांबांची आच्छादने घरी उचकटू नयेत, व त्यांच्या फटींत काही कोंबू नये. आम्ही ते केले होते. ते अज्ञान होते, कौतुक करू नये.

तिसरा ‘कट्ट’ मात्र दाद देईना. डॅशबोर्ड कोठेही दाबला तरी तो होतच राही. तिसऱ्या शनिवारी वळणावर गाडी एका खड्ड्यात किंचित उतरली आणि मुलाने डोळे उघडले. “सर, हा आवाज कानांना पुढून येतो, पण पायांना खालून लागतो.” आम्ही त्यास विचारले, हे तुला कोणी शिकवले? तो म्हणाला, “आजोबांनी.” त्याचे आजोबा ठाकुर्लीच्या चोळे वीजगृहात फिटर होते. लोकल गाड्यांस वीज पुरवण्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने १९२९ च्या सुमारास उभारलेले हे वीजगृह बंद पडून पुष्कळ वर्षे झाली. पण आजोबा अजून सांगतात, की फिरत्या यंत्राच्या बेअरिंगवर लाकडी दांडीचे एक टोक टेकवावे, दुसरे कानाशी धरावे, आणि हात व कान दोघांचेही ऐकावे. फ्रान्समध्ये लाएनेक ह्या वैद्याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले, त्यातून डॉक्टरांची नळी निघाली. रेल्वेचा कामगार चाकावर हातोडीचा ठोका मारून तडा गेला आहे काय हे ऐकतो, तेही ह्याच जातीचे ज्ञान.

त्याच दिवशी आम्ही गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी ती जॅकवर उचलली, पुढचे डावे चाक दोन्ही हातांनी वरखाली हलवले आणि आम्हांस जवळ बोलावले. चाक बोटभर हलत होते. खालच्या बाजूचा बॉल जॉइंट झिजून पोकळ झाला होता. ह्या गोल सांध्यामुळे चाक वळू शकते व वरखालीही होऊ शकते. तो खोबणीतून निसटला तर चाक आडवे पडून गाडी हाताबाहेर जाते. “घाटात जाणार होता ना?” मिस्त्रींनी एवढेच विचारले. आम्ही मान हलवली. धोतराच्या चिंध्या कोंबून आम्ही हाच आवाज दाबला होता, आणि अशा गाडीत आईस बसवून माळशेज उतरण्याचा आमचा बेत होता.

सांधा बदलला, चाकांची दिशा तपासून घेतली. ब्रेक दाबताना धातूवर धातू घासल्याचा आवाज, वेगाबरोबर वाढणारी चाकाची घरघर, आणि वळताना किंवा खड्ड्यात खालून येणारा ठोका, हे तीन ऐकू आले तर घरी माग काढीत बसू नये, गाडी थेट मिस्त्रींकडे न्यावी, असे त्या मुलाने वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे. हे वाक्य आम्ही त्यास सांगितलेले नाही.

नाताळात अहिल्यानगरास जाऊन आलो. ओतूरच्या पुढे मातोश्रींनी विचारले, “अरे, गाडी आज रुसली की काय? काहीच बोलत नाही.” परंतु परत येताना, थंडी पडल्यावर, मागच्या काचेखालच्या फळीतून एक नवी बारीक कुरकुर निघू लागली आहे. वहीत चौथे पान काढले आहे. कारणाची जागा अजून रिकामी आहे.