तुळशीची जोपासना : सीमाभागाच्या मातीत आणि वैद्यकाच्या दृष्टीने

पुदिना, मरवा, सब्जा, पानओवा आणि तुळस या वनस्पती एकाच कुळातील होत. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी सुगंधी पाने आणि ओठांसारखी दुभंगलेली फुले ही लॅमिएसी कुळाची ओळख. तुळशीचे शास्त्रीय नाव ऑसिमम टेन्युइफ्लोरम; ऑसिमम सँक्टम हे तिचे दुसरे नावही अद्याप वाचनात येते. सब्जा, म्हणजे कन्नडमधील कामकस्तूरी, ही तिची बहीण असली तरी निराळी जात आहे.

तुळस मुळात बहुवर्षायू आहे. ती काही वर्षे सहज टिकते. असे असूनही आपल्या बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील पुष्कळ घरी दरवर्षी नवे रोप आणावे लागते. याची कारणे श्रद्धेच्या उणिवेत नसून माती, पाणी आणि मंजिरी या तीन गोष्टींत आहेत.

बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. तेथील तांबडी माती सच्छिद्र असल्याने पाणी लवकर झिरपून जाते व अन्नांशही कमी असतात. म्हणून कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत सढळ हाताने मिसळावे. याउलट कलबुर्गीकडील काळी माती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळे तोडते. कुंडीत किंवा वृंदावनात केवळ काळी माती भरू नये. माती, जाड वाळू व खत समप्रमाणात घ्यावे. चुनखडीच्या खडकातून येणारे कूपनलिकेचे पाणी जड असते. त्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो व कोवळी पाने पिवळी पडतात. अशा वेळी पावसाचे साठवलेले पाणी उपयोगी पडते.

नित्य पूजेतील तांब्याभर पाणी उन्हाळ्यात जीवनदायी असले, तरी पावसाळ्यात तेच घातक ठरते. पुष्कळ वृंदावनांना तळाशी छिद्र नसते. मुळे कुजतात आणि रोप उभ्या उभ्या सुकते. तळाशी छिद्र ठेवून त्यावर खापरीचे तुकडे घालावेत. वरची बोटभर माती कोरडी झाली तरच बुंध्याशी पाणी द्यावे. इतर दिवशी पूजेसाठी चमचाभर पाणी पुरे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सकाळी पाणी द्यावे, दुपारी सावली करावी व बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचे आच्छादन ठेवावे. निरांजनाची ज्योत खोडापासून दूर असावी. दूध, तेल व कुंकू मुळाशी टाकू नये.

बी धरणे हे झाडाचे मोठे श्रम होत. मंजिरी पिकू दिल्या की खोड काष्ठमय होते, पाने खुरटतात आणि झाड थकते. म्हणून कोवळ्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडाव्यात. त्या देवाला वाहण्याची आपली प्रथा झाडाच्याही हिताची आहे. एकदोन मंजिऱ्या मात्र बियाण्यासाठी राखाव्यात. मृगाच्या सुमारास एकतृतीयांश छाटणी केल्यास नवी फूट जोमाने येते. बी अतिशय बारीक असल्याने वाळूत मिसळून पेरावे व वर मातीचा पातळ थर द्यावा. पेरणीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी रोपे लावता येतात. पानांच्या मागे बारीक जाळीदार पंखांचे ढेकूण दिसल्यास व पाने सुरळीसारखी वळल्यास ती फांदी काढून टाकावी. जे पान तोंडात घालावयाचे, त्यावर रासायनिक कीटकनाशक मारू नये. पाण्याचा जोरदार फवारा किंवा निंबोळी अर्क वापरावा व पाने धुऊन घ्यावीत.

वैद्यकबंधूंनी आणखी दोन बाबींकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. कुंडीखालील ताटलीत साचलेले स्वच्छ पाणी डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला पुरते. म्हणून ती आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासावी.

दुसरी बाब तुळशीच्या औषधी उपयोगाची. तिच्या सुगंधी तेलात युजेनॉल असते. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या 40 मधुमेही रुग्णांवरील एका भारतीय अभ्यासात उपाशीपोटीची साखर सरासरी 17.6 टक्के घटली होती. निष्कर्ष आशादायक असला, तरी एवढ्या लहान अभ्यासावरून चालू औषध बंद करता येत नाही. साखर कमी करणारी किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांनी, रस वा गोळ्यांच्या रूपातील तुळशीविषयी डॉक्टरांना अवश्य सांगावे. आणि आपणही ते आवर्जून विचारावे. गर्भवतींनी औषधी मात्रेत तुळस टाळावी. एक वर्षाच्या आतील बाळास तुळशीच्या रसातूनही मध देऊ नये, कारण बोट्युलिझमचा धोका असतो. खोकणाऱ्या बाळाचा श्वास जलद चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर रस चाटविण्यात एक तासही न दवडता त्यास रुग्णालयात न्यावे.

अंगणातील तुळस सर्दी-पडशाच्या काढ्याला चार पाने देते, तेवढे तिचे कार्य पुरेसे आहे. तिला योग्य माती व माफक पाणी द्यावे आणि आजाराला वेळेवर योग्य उपचार द्यावा. दोन्ही कर्तव्ये एकाच घरात सुखाने नांदू शकतात.