राहिलेले अध्याय सोडून द्या

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत वर्षभराच्या बायबल वाचनाचं वेळापत्रक वाटतात. रोज साधारण सव्वातीन अध्याय वाचले की 1,189 अध्याय वर्षात पुरे होतात. मी रुग्णालयात परिचारिका आहे. कधी सकाळची ड्यूटी, कधी दुपारची, कधी रात्रपाळी. उत्पत्ती आणि निर्गमातल्या गोष्टी वाचणाऱ्याला पुढे ओढून नेतात. जानेवारीच्या अखेरीस मात्र लेवीय लागतं. अर्पणांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम सावकाश वाचावे लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या रात्रपाळ्या सुरू झाल्या.

चार दिवस चुकले की तेरा अध्याय साठतात. सुट्टीच्या दिवशी ते भरून काढायला बसलं की डोळे ओळींवरून नुसते पळत, वचन मनात उतरत नसे. पुढे बायबल हातात घेण्याआधीच थकबाकी आठवू लागली आणि वाचन थांबलं. वेळेपेक्षा त्या धास्तीनंच ते थांबवलं होतं. मंडळीतल्या शिक्षिका, दुकान सांभाळणाऱ्या, तान्ह्या मुलांच्या आया हेच सांगतात. म्हणून मला जे उपयोगी पडलं ते लिहिते.

राहिलेले अध्याय सोडून द्या आणि आजचं वाचा. बायबल एका वर्षात संपवा, अशी आज्ञा शास्त्रात कुठेही नाही.

वाचन घड्याळाला न बांधता रोजच्या एखाद्या कामाला जोडा. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना देवाच्या आज्ञांविषयी बोलत राहायला सांगितलं आहे. पाळी कोणतीही असो, घरी आल्यावर माझा चहा होतोच. तो झाला की मी वाचते. बायबल त्याच टेबलावर असतं, फोन दुसऱ्या खोलीत.

वाटा झेपेल एवढाच घ्या. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तर 52 आठवड्यांत तो पुरा होतो आणि आठवड्यातले दोन दिवस मोकळे राहतात. मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा. त्याचे 16च अध्याय आहेत. अगदी गळून गेलेल्या दिवसासाठी 119वं स्तोत्र आहे. त्याच्या 176 वचनांचे आठ-आठ वचनांचे 22 भाग पडतात. एक भाग मोठ्यानं वाचायला दोन-तीन मिनिटं पुरतात.

जुनी वाक्यरचना अडली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ शेजारी ठेवा. लेवीय कायमचं वगळू नका. त्याचा प्रायश्चित्ताच्या दिवसाचा 16वा अध्याय आणि इब्री लोकांस पत्राचा 9वा अध्याय एकत्र वाचा. महायाजक रक्त घेऊन पडद्याआड का जात असे आणि ख्रिस्तानं एकदाच काय केलं, हे तिथं उलगडतं. मग ते सगळे नियम कोरडे वाटत नाहीत.

वाचलेल्यातलं एक वचन त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा. सांगायचं आहे म्हटल्यावर वाचताना लक्ष लागतं.

खाडे पडतीलच. आजारपण येईल, पाहुणे येतील, पाळी बदलेल. दुसऱ्या दिवशी मागचा हिशेब न काढता त्या दिवसाचा अध्याय उघडा. मागचं भरून काढण्याच्या धास्तीपायी आजचं वचन गमावू नका.