१,४२,८५७ : एका संख्येचा पाठ

एका शिक्षकास अनेक वर्गांच्या पाट्या तपासणे कठीण जाते. अशा वेळी गुणाकाराच्या सरावास १,४२,८५७ ही संख्या द्यावी. तिला २ ने गुणिले असता २,८५,७१४ येतात. ३ ने गुणिले असता ४,२८,५७१. ६ पर्यंतच्या प्रत्येक गुणकाने तेच सहा अंक त्याच क्रमाने चक्राकार फिरतात. क्रम मोडला, की आपली चूक मुलास स्वतःच उमगते. ७ ने गुणिले असता मात्र ९,९९,९९९ येतात.

हा चमत्कार नव्हे, हे मुलांस अवश्य दाखवावे. १ ला ७ ने दशांशांत भागताना ३, २, ६, ४, ५, १ अशा सहाही बाक्या येतात आणि भागाकार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोन सप्तमांश, तीन सप्तमांश यांचे भागाकार याच चक्रात निराळ्या अंकापासून आरंभतात. हा भागाकार फळ्यावर मुलांकडूनच करवून घ्यावा.