चाळिशी, सिलिंडरचा नंबर आणि कॉन्टॅक्ट लेन्स

‘चाळिशी’ हा आपल्या भाषेतील शब्द वयाचाही आहे आणि चष्म्याचाही. ज्या गुजरातेत आपण पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालो, तेथे याच अवस्थेला ‘बेताळां’ म्हणतात. म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी लागणारी! दोन्ही भाषांतील जुन्या माणसांनी वैद्यकशास्त्राचे पुस्तक न उघडता केवळ अनुभवावरून हे वय नेमके हेरले होते. गुजराती बांधवांना निसर्गाने दोन वर्षांची सवलत दिली, असे मात्र आम्हा डॉक्टरांना आढळलेले नाही.

प्रस्तुत लेखिका बालरोगतज्ज्ञ आहे, नेत्रतज्ज्ञ नव्हे, हे प्रारंभीच नम्रपणे नमूद करते. मात्र गेली तीस वर्षे डोळ्यांवर चष्मा आहे, त्यात सिलिंडरचा नंबर आहे, आणि पुढे वयानुसार चाळिशीही आली. रुग्ण म्हणून जे सोसले आणि डॉक्टर म्हणून जे वाचून, विचारून समजून घेतले, ते येथे मांडत आहे. काही उणे राहिल्यास नेत्रतज्ज्ञ व्यवसायबंधूंनी क्षमा करावी.

एक पहाट

बालरोगतज्ज्ञाचा चष्मा हा लहान मुलांचे आवडते खेळणे असतो. घसा तपासायला वाकावे आणि बाळाने चष्मा ओढून जमिनीवर टाकावा, हा नित्याचा प्रकार. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी या त्रासाला कंटाळून मी कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. माझा नंबर उणे २.५०, त्यात सिलिंडर उणे १.५०. लेन्स घातल्यावर लांबचे स्वच्छ दिसू लागले व मी निश्चिंत झाले.

काही आठवड्यांनी पहाटे एका नवजात बालकासाठी बोलावणे आले. मी लेन्स घालून निघाले. जेंटामायसिनचे इंजेक्शन सांगितले, कुपी हाती घेतली, तिच्यावरील आकडा ‘२०’ असा वाचला आणि मात्रा सांगितली. सिस्टरने कुपी दिव्याखाली धरली व हलक्या आवाजात म्हटले, “मॅडम, हे ऐंशीचं आहे.” दोन मिलिलिटरच्या कुपीत २० मिलिग्रॅमऐवजी ८० मिलिग्रॅम औषध होते. मात्रा चौपट गेली असती. बाळाला इजा झाली नाही, याचे श्रेय त्या सिस्टरचे आहे. चूक माझी होती, आणि तिचे कारण समजून घेतल्याशिवाय पुन्हा कुपी हाती घेण्याचा मला अधिकार नव्हता.

दोष दोन, कारणे दोन

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला आपण पारपटल किंवा कॉर्निया म्हणतो. ते चेंडूसारखे सर्व दिशांनी सारखे गोल असेल तर किरण एका बिंदूत एकवटतात. ते चमच्याच्या पाठीसारखे एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी वळलेले असेल तर किरण एका बिंदूत येत नाहीत, आणि अक्षराला सावली किंवा शेपूट फुटते. हाच ॲस्टिग्मॅटिझम. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ साली स्वतःच्या डोळ्यातील हा दोष सिलिंडरच्या आकाराची काच वापरून सुधारला. आपल्या चष्म्याच्या कागदावरील ‘सिलिंडर’ व ‘अक्ष’ हे दोन रकाने त्याच परंपरेतील आहेत.

चाळिशीचे कारण निराळे आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचिक असते व जवळ पाहताना फुगते. वयाबरोबर ते कडक होत जाते. साधारणतः पंचेचाळिशीला अधिक १.००, तर साठीच्या आसपास अधिक २.५० पर्यंत वाचनाचा नंबर लागतो. शिवाय उतारवयात सिलिंडरचा अक्षही हळूहळू फिरतो. तरुणपणी बहुधा पारपटलाची उभी वक्रता अधिक असते, तर पुढे आडवी वक्रता अधिक ठरू लागते. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा कागद घेऊन लेन्स मागणे चुकीचे होय.

आता माझ्या चुकीचे कारण. ऱ्हस्वदृष्टीचा माणूस चष्मा काढून किंवा नाकावर सरकवून जवळचे सहज वाचतो. लेन्स काढता येत नाही. त्यातच, उणे नंबराच्या चष्म्यापेक्षा कॉन्टॅक्ट लेन्स घातली असता जवळ पाहण्यासाठी डोळ्याला अधिक जोर लावावा लागतो. त्यामुळे ज्यांचा नंबर उणे आहे, त्यांना लेन्स घेताच चाळिशी एकाएकी ‘आल्याचे’ जाणवते. अधिक नंबराच्या माणसास याउलट थोडा दिलासा मिळतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर लेन्स घेणाऱ्या प्रत्येक उणे नंबरवाल्यास ही गोष्ट आधी सांगितली गेली पाहिजे.

सिलिंडरसाठी लेन्स

सिलिंडर ०.७५ पेक्षा कमी असल्यास साध्या मऊ लेन्सवर बहुतेकांचे भागते. त्याहून अधिक असल्यास टोरिक लेन्स लागते. चष्म्याची काच चौकटीत स्थिर असते, लेन्स मात्र पापणी मिटली की फिरू पाहते. म्हणून टोरिक लेन्सचा खालचा भाग किंचित जाड ठेवतात, किंवा पापण्यांखाली येणारे भाग पातळ करतात, जेणेकरून ती दर उघडझापेनंतर जागेवर येते. ही स्थिरता महत्त्वाची आहे. लेन्स १० अंशांनी फिरली तर सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो, आणि ३० अंशांनी फिरली तर लाभ जवळजवळ शून्य होतो. लेन्सवर बारीक खुणा असतात. त्या पाहून तज्ज्ञ फिरण्याचे माप घेतात व अक्ष बदलून देतात. म्हणून टोरिक लेन्स घालून, वीस-तीस मिनिटे बसून, पुन्हा तपासून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये. तसेच चष्म्याचा नंबर म्हणजे लेन्सचा नंबर नव्हे. ४.०० च्या पुढील नंबरात तर गणिताने बदल करावाच लागतो.

दुसरा पर्याय प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या कडक लेन्सचा. ती स्वतःचा आकार सोडत नाही. तिच्या व पारपटलाच्या मधल्या फटीत अश्रूंचा थर भरतो आणि उंचसखलपणा झाकला जातो. पारपटलाच्या सिलिंडरला ती उत्तम, परंतु दोष आतील भिंगात असेल तर साधी कडक लेन्स तो दूर करीत नाही. सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. केराटोकोनसमध्ये, म्हणजे पारपटल शंकूसारखे पुढे येते त्या विकारात, बहुधा कडक लेन्सच उपयोगी पडते. येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून एक सूचना: उन्हाळ्यात डोळे सतत चोळणाऱ्या मुलांच्या ॲलर्जीकडे दुर्लक्ष करू नका. डोळे चोळण्याचा व या विकाराचा निकटचा संबंध आहे.

चाळिशीसाठी चार मार्ग

पहिला मार्ग सर्वांत सोपा: लांबच्या नंबराची टोरिक लेन्स घालावी व वाचताना वर साधी चाळिशी लावावी. दोन्ही डोळ्यांनी लांब व जवळ दोन्ही स्पष्ट दिसते.

दुसरा मार्ग ‘मोनोव्हिजन’चा: प्रबळ डोळा लांबसाठी, दुसरा जवळसाठी. दोन्ही हात लांब करून तळव्यांमधील छिद्रातून दूरची वस्तू पाहावी व एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला ती वस्तू दिसत राहते, तो प्रबळ. हा मार्ग अनेकांना मानवतो, पण यात खोलीचा अंदाज कमी होतो. मी तो महिनाभर वापरला. वर्तमानपत्र वाचता आले, पण तान्ह्या बाळाच्या हातावरची शीर शोधताना सुईचे टोक किती आत आहे, याची खात्री वाटेना. त्याच दिवशी मी तो सोडला. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी, रात्री दूरवर गाडी चालवणाऱ्यांनी आणि घंटीवर बसून आयग्लासमधून हिऱ्याचे पैलू पाहणाऱ्या आपल्या सुरतच्या रत्नकलाकारांनीही विचारपूर्वकच तो स्वीकारावा.

तिसरा मार्ग मल्टिफोकल लेन्सचा. एकाच लेन्समध्ये वर्तुळाकार वलयांत लांब व जवळचे नंबर असतात. दोन्ही प्रतिमा एकाच वेळी दृष्टिपटलावर पडतात व मेंदू हवी ती निवडायला शिकतो. शिकण्यास एक-दोन आठवडे द्यावेत. मंद प्रकाशात अक्षरे फिकी दिसतात व रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. सिलिंडर व चाळिशी एकत्र असल्यास मल्टिफोकल टोरिक लेन्स मिळतात, मात्र प्रत्येक नंबरात व अक्षात त्या सहज मिळतातच असे नाही.

चौथा मार्ग म्हणजे लेन्स न घालणे. प्रोग्रेसिव्ह चष्मा हा कमीपणा नव्हे. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशीपुढील ७५१ कामगारांवर झालेला ‘प्रॉस्पर’ हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळचा साधा चष्मा मिळालेल्या कामगारांची पानखुडणी, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. उधना-लिंबायत भागात घरी बसून साड्यांना लेस व खडे लावणाऱ्या आपल्या खानदेशी भगिनींची आठवण मला हे वाचताना झाली. त्यांना महाग लेन्सची नव्हे, वेळेवर मिळालेल्या चाळिशीची गरज आहे.

डोळ्यांत घालायच्या थेंबांविषयीही विचारणा होते. चाळिशीसाठी पायलोकार्पिनच्या थेंबांना अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. भारतात २०२४ साली अशा थेंबांना दिलेली परवानगी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, प्रचारातील अनधिकृत दाव्यांवरून, औषध नियंत्रकांनी स्थगित केली होती. हे थेंब बाहुली लहान करून काही तास जवळचे स्पष्ट दाखवतात. त्यांनी सिलिंडर जात नाही, आणि अंधारात दिसणे कमी होते. जाहिरात पाहून ते घालू नयेत.

सुरतेची हवा आणि तापीचे पाणी

पन्नाशीनंतर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत, अश्रू कमी होतात. मधुमेह, सर्दीच्या गोळ्या, वातानुकूलित खोली व पंख्याखालची झोप त्यात भर घालतात. लेन्स घेण्यापूर्वी अश्रूंची तपासणी अवश्य करावी. यंत्रमागाच्या खात्यातील तंतू व धूळ लेन्सखाली अडकते. उत्तरायणात दिवसभर गच्चीवर आणि धुळवडीच्या दिवशी तर लेन्स नकोच.

मऊ लेन्स घडवली ती प्रागच्या ओटो विख्टर्ले यांनी, १९६१ साली, मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांपासून घरी केलेल्या यंत्रावर. ती पाणी शोषते, हा तिचा गुण. आणि पाण्यातील जंतूही तिच्यासोबत डोळ्यांत येतात, हा धोका. नळाच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा व्रण अतिशय वेदनादायक व बरा होण्यास कठीण असतो. म्हणून पुढील पथ्ये:

१. हात साबणाने धुऊन कोरडे करूनच लेन्स हाताळावी. लेन्स किंवा डबी नळाच्या पाण्याने धुऊ नये.
२. आंघोळ, पोहणे व झोप या तीन वेळी लेन्स काढावी. लेन्स घालून झोपल्यास जंतुसंसर्गाचा धोका सुमारे पाचपट होतो.
३. डबीतील द्रावण रोज ओतून द्यावे. जुन्यात नवे भरू नये. डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. परवडल्यास रोज फेकून देण्याची लेन्स सर्वांत सुरक्षित.
४. डोळा लाल झाला, दुखला, प्रकाश सहन होईना किंवा अंधुक दिसले, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लेन्स व डबी सोबत न्यावी. स्टेरॉइडचे थेंब मनाने घालू नयेत. हे आम्हा डॉक्टरांनाही लागू आहे.
५. चष्मा जवळ असलाच पाहिजे. चष्मा नसलेला माणूस दुखऱ्या डोळ्यातही लेन्स घालतो.

चाळिशीनंतर नंबर वारंवार बदलत असल्यास लेन्स बदलण्यापूर्वी रक्तातील साखर व मोतीबिंदू तपासावा. डोळ्यांतील दाब व दृष्टिपटलाची तपासणी त्याच भेटीत उरकावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरल्यास भिंगाचे माप घेण्यापूर्वी, तज्ज्ञ सांगतील तितके दिवस, लेन्स बंद ठेवाव्यात. लेन्समुळे पारपटलाचा आकार बदललेला असतो व माप चुकते.

समारोप

माझा स्वतःचा निर्णय असा झाला: सकाळच्या तपासणीच्या वेळी रोज फेकण्याच्या टोरिक लेन्स आणि गळ्यात दोरीने अडकवलेली चाळिशी. रात्री, अतिदक्षता विभागात व प्रवासात प्रोग्रेसिव्ह चष्मा. आणि एक नियम, जो कोणत्याही लेन्सपेक्षा मोलाचा आहे: आमच्याकडे कुपीवरील आकडा दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय औषध भरले जात नाही.

हाच नियम आपल्या घरी हवा. तापाच्या पॅरासिटामॉलचे बाळांसाठीचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात, तर नेहमीच्या सिरपात पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम. म्हणजे थेंब चौपट तीव्र! दोन्ही बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात, आणि रात्री नातवाला औषध बहुधा आजीच देते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना मी आता मुलाच्या तापाआधी एक प्रश्न विचारते: “तुमची चाळिशी कुठे आहे?” बहुतेक जण हसतात, पिशवी चाचपतात आणि म्हणतात, “घरी राहिली.”

ती घरी, टीव्हीजवळ, राहू नये. औषधाच्या बाटलीशेजारी राहावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने सर्वांना विनंती.